उलट्या केसांची कालवड

हरसूलच्या अंगाला डोंगराखाली एक पाडा आहे. तिथला सावळीरामबाबा अंधार पडला की तरण्या पोरांना ही गोष्ट सांगतो. उद्या गुरांना टोचायला लसवाले येणार असले, की मुद्दाम सांगतो. ज्याच्यावर बेतलं तो हिरामण त्याच्या साडूचा पोरगा, खोटं कशाला सांगेल?

दोन हजार बावीसची सर्वपित्री अमावास्या. दिवस मावळल्यावर हिरामण मीठ आणि चुना आणायला हरसूलला निघाला. त्याची गाय लंपीनं मेली होती. डॉक्टरनं बजावलं होतं, खोल खड्डा खणा, मीठ-चुना टाका, मगच पुरा.

मेली ती त्याच्याच अकलेनं. लसवाले आले त्या दिवशी यानं गाय आणि तिची कालवड, दोघींना नेऊन करवंदीच्या जाळीत लपवलं. सुई टोचली की दूध आटतं, असं कुणीतरी बरळलं होतं. मग गायीच्या अंगभर लिंबाएवढ्या गाठी आल्या. फुटल्या, पू वाहिला, पुवात अळ्या वळवळल्या. नाकातून शेंबडाच्या तारा लोंबायच्या आणि तसल्या तोंडानं ती कालवडीला चाटायची. शी. शेवटी हिरामणची बायको सरिता, तिनं कालवड घरात नेऊन बांधली.

हरसूलला दुकान बंद. हिरामण रिकाम्या हातानं परतला आणि मग त्याला खड्डा खणायचाही कंटाळा आला. पायाला दोर लावून त्यानं गाय ओढत नेली आणि ओहळात लोटली. त्याच ओहळावर खाली अख्खा पाडा पाणी भरतो.

शेजारच्या सगुणाबाईनं ते पाहिलं.

"मुडद्या, त्या पाण्यात आम्ही भात शिजवायचा का?"

"सकाळी पुरतो ना मावशे."

"सकाळी डॉक्टर येतोय. त्या कालवडीला तरी टोचून घे. तेवढीच उरली तुझ्या दावणीला."

"घेतो."

"आणि रात्री दार उघडू नको. आई हाय ती तिची."

हिरामण हसला. पण कडी दोनदा चाचपून झोपला.

मध्यरात्र टळली असेल. दाराच्या खांबाला काहीतरी घासत होतं. खर्र... खर्र... खाज सुटली की गाय अंग घासते, तसं.

"कुत्रं असंल," हिरामण म्हणाला.

सरितानं पदर नाकाला लावला होता. वास फटीतून आत येत होता. सडका, गोडसर. जिभेवर बसणारा.

कालवड उठली. दावं ताणलं. हंबरली.

बाहेरून उत्तर आलं... ओलं. घशात पू भरल्यासारखं.

हिरामणचा हात कडीकडे गेला. "जिती असंल गं ती. मी नीट पाह्यलंच नाय."

सरितानं मनगट धरलं. "मी पाह्यलंय. डोळ्यात अळ्या होत्या. बसा खाली."

खर्र थांबलं.

बराच वेळ काही नाही...

मग लप... लप... चाटल्याचा आवाज.

दाराबाहेर नाही. आत. कालवडीपाशी.

दिवा लावायची दोघांचीही छाती झाली नाही.

उजाडलं. कडी आतून लागलेली, जशीच्या तशी. कालवड उभी. पांढऱ्या पाठीवरचे केस लाळेनं ओलेचिंब, शेपटीकडून मानेकडे उलटे वळलेले. त्या लाळेत एक खपली चिकटलेली. खपलीवर तांबडे केस.

गाय तांबडी होती.

डॉक्टर आला तेव्हा हिरामणनं स्वतः कालवड धरून दिली. मग हरसूलहून मीठ-चुना आणला, तोंडाला फडकं बांधून एकटा ओहळात उतरला, गाय बाहेर काढली, ओकत ओकत कमरेहून खोल खड्डा खणला आणि मीठ-चुना घालून ती पुरली.

कालवड जगली. आता तिचीच गाय झाली आहे, दूध देते. ते दूध पाड्यावर कुणी घेत नाही. पाठीवरचे केस आजही उलटेच आहेत. सरितानं साबणानं घासून पाहिले, हिरामणनं कातरून पाहिले. पुन्हा तसेच येतात. भर उन्हाळ्यात हात लावला तरी बोटं ओली होतात.

त्या बोटांचा वास घ्यायचा नाही.