वळणावरचा पाला

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी स्वतः तिथे होते आणि माझ्या नवऱ्याचं नावही बदललेलं नाही.

डिसेंबर २०२३. रविवारची भर दुपार. तुंगारेश्वरचा डोंगर.

विरारच्या आमच्या सोसायटीतले सहा जण पायवाटेवरचा कचरा गोळा करायला गेलो होतो. पुढारी माझा नवरा, संग्राम. घरात स्वतःचा चहाचा कप उचलत नाही, पण डोंगरावर हातात खराटा.

देवळाच्या बरंच वर एका वळणाशी सुक्या पाल्याचा ढीग होता. गुडघाभर. त्यावर दोन हिरव्या डहाळ्या, त्याच दिवशी तोडलेल्या.

वाट अडवलीय म्हणत संग्रामने तो ढीग एकट्याने दरीत लोटला.

आणि पाखरं गप्प झाली.

उतरताना संग्राम सगळ्यांच्या मागे, मी त्याच्या पुढे. वाट आम्हीच झाडलेली, स्वच्छ. तरी मागून...

सुका पाला तुडवल्याचा आवाज.

मी थांबले की तोही थांबायचा. वळून पाहिलं तर फक्त संग्राम. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मी झपाझप उतरू लागले.

पायथ्याच्या पाड्यावर ओळखीच्या काशीरामकाकांच्या घरी पाणी प्यायला थांबलो. आमच्यासोबत आलेल्या, सोसायटीतल्या संपदाने ढीग हटवल्याचं कौतुकाने सांगितलं. काकांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"तिथं मानूस मेलाय. येनारा-जानारा त्याला हिरवा पाला टाकतो. त्यानं तिथंच बसून ऱ्हावं, कोनाच्या मागं येऊ नये म्हनून."

मग ते एकेकाचं तोंड पाहत गेले. संग्रामपाशी थांबले...

अंगणातल्या आंब्याची डहाळी तोडली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

मी रात्रभर रडले. मला माझा नवरा परत हवा होता. सकाळी त्याला म्हटलं, चल, वळणावर पाला टाकून येऊ.

तो शांतपणे म्हणाला, "कशाला? तिथे आता कोण आहे?"

मी एकटीच जाऊन टाकून आले. काही फरक पडला नाही.

संग्राम ऑफिसला जातो, हसतो, जेवतो. चहाचा कप आता स्वतः उचलतो. फक्त घरात चालला की लादीवर पाला वाजतो.

रोज सकाळी मी कुंडीतल्या कढीपत्त्याची डहाळी तोडून त्याच्या पायाशी ठेवते.

त्याने एकदाही विचारलं नाही, का म्हणून.