मान हलेपर्यंत

रेकॉर्डच्या दुकानात ऐकायच्या खोलीत हेडफोन एकच होता, आणि त्यावर दोघांनी एकदमच हात टाकला.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. मग तिच्या हातातली रेकॉर्ड बघून, "पण ही नका ऐकू. या बाई फार रेंगाळतात. पियानो कॉन्चेर्तो आहे, अंगाईगीत नव्हे."

"आणि तुमच्या हातातले बुवा? हाच कॉन्चेर्तो, पण त्यांची तर गाडीच सुटतेय."

दोन्ही रेकॉर्ड ऐकून, भांडून होईस्तोवर दुकान बंद व्हायला आलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघंही पियानो वाजवणारीच निघाली. तोच कॉन्चेर्तो तिला मैफलीत ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचा होता. सरावाला दुसऱ्या पियानोवर ऑर्केस्ट्राची बाजू सांभाळणारं कुणीतरी हवं होतं. तो कशाला नाही म्हणतोय?

सरावात रोज एकाच जागी खटका उडे. संथ भागात तिचा शेवटचा सूर विरायचा, तिथे ती थांबे... आणि हा पठ्ठ्या हमखास आधीच घुसे.

"घाईसरकार, मी मान हलवल्याशिवाय यायचं नाही."

"आणि तू विसरलीस तर?"

"तर बसायचं वाट बघत."

हळूहळू तो शिकला. तिच्याकडे असा काही बघत राही, की तीच पुढचं विसरे.

"बोलला का काही?" वहिनी घरी विचारी.

"बोलेल की. त्याला कुठंय धीर?"

मैफल रंगली. दुसऱ्या दिवशी तो सरावाच्या खोलीत आला, पण पियानोवर बसला नाही. त्याला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती.

"जाऊ?" तो म्हणाला. "की... नको?"

'नको' तिच्या अगदी ओठांवर होतं. पण ती थांबली, सवयीनं. आता हा न राहवून बोलेलच, अशी तिची खात्री होती. तो दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होता. तिनेच शिकवल्यासारखा, निमूट. बराच वेळ.

"बरं," तो शेवटी म्हणाला, आणि दार हळूच लावून गेला. तो वाट बघत होता, हे तिला जिन्यातली पावलं विरल्यावर कळलं. इतकी वर्षं झाली, तिला अजून स्वतःचा राग येतो.

परवा वहिनीने त्याची नवी रेकॉर्ड आणून दिली. तोच कॉन्चेर्तो. वाजवलाय अगदी त्याच्याच पद्धतीनं, चटपटीत, नेटका. संथ भागात मात्र शेवटचा सूर विरला आणि तो थांबला... तिच्याहूनही जास्त.

रिकाम्या खोलीत तिची मान हलली. मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला.