तिसऱ्या गोलाचं पाणी

हिच्या धाकट्या बहिणीकडून पत्र आलं आणि आम्ही त्या वाटेला लागलो. पत्र शेजारणीने लिहिलं होतं. ‘धाकटी आता अंथरुणावरून उठत नाही. डॉक्टर आठ-पंधरा दिवस म्हणतात. ताईला एकदा बघायचं, एवढंच तिच्या तोंडी आहे. खिंडीत बर्फ पडायच्या आत या.’ मी ते दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा हिने वाचू दिलं नाही.

धाकटी राहते डोंगरापलीकडे. मोठ्या रस्त्यावरचा पूल त्या वर्षी पुरात गेला होता. उरली होती ती जुनी वाट. तीन दिवस वाळवंट, मग दोन दिवस डोंगर. त्या वाटेवर मी तरुणपणी अकरा वर्षं कंपनीचा ट्रक चालवला. पलीकडून लोकरीचे गठ्ठे आणायचो, आणि एका खेपेला गठ्ठ्यांबरोबर बायकोही आणली. त्याला चाळीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत बहिणी-बहिणी भेटल्या तीनदा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही प्रवास आखायला बसलो. माझी मुलगी पाणीखात्यात आहे, नळाला येणारं पाणी तपासायचं तिचं काम. यादी केल्याशिवाय ती भाजीलाही जात नाही. जावई शिंपी. जीप त्याची, आणि तंबू त्याने स्वतः शिवलेला.

“आतून सहा खिसे आहेत, बाबा,” तो म्हणाला.

“तंबूला खिसे कशाला रे?”

“शिंप्याने शिवलाय आणि खिसे नाहीत, म्हणजे लोक काय म्हणतील?”

मुलगी हसली नाही. ती पेन्सिलीने मांडत होती. “माणशी रोज सहा लिटर. चार माणसं, पाच दिवस. वीस लिटरचे सहा कॅन. वर दोन जास्तीचे. म्हणजे आठ.”

“आठ? जीप आहे की टँकर?”

“बाबा, वाळवंट आहे ते.”

“तू सांगतेस कोणाला? त्या वाळवंटात मी म्हातारा झालो.” मी माझा जुना नकाशा उलगडला. तो मला अक्षर यायच्या आधीचा, म्हणून त्यावर नुसत्या खुणा. फुली म्हणजे चाक रुततं ती जागा. गोल म्हणजे पाणी. वाटेवर असे तीन गोल होते, दोन वाळवंटात आणि एक डोंगराच्या पायथ्याशी.

“पाणी कसं आहे तिथलं?” तिने विचारलं.

“झकास! अकरा वर्षांत एकदा दगा दिला नाही.”

तिने आठ खोडलं आणि चार लिहिलं. वाचलेल्या जागेत एक जास्तीचं चाक आणि हिच्या बहिणीसाठी गादी बसली. जिच्या हाताखालून गावाच्या पाण्याचा थेंबही तपासल्याशिवाय सुटत नाही, तिने बापाचा शब्द न गाळता पिऊन टाकला!

पहिला दिवस बरा गेला. सपाट, टणक जमीन होती, आणि लांबवर वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेल्या तांबड्या टेकड्या एकीमागे एक अशा बसल्या होत्या की जणू उठायचं त्यांनी कायमचं सोडून दिलं असावं. ही मागच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसली होती. मध्येच म्हणायची, “अजून किती?” आणि उत्तराची वाट न बघता बाहेर बघायची.

दुसऱ्या दिवशी वाळू सुरू झाली. माझ्या फुल्या जिथे होत्या तिथे वाळू नव्हती, आणि जिथे फुली नव्हती तिथे जीप आसापर्यंत रुतली. वाळवंट चाळीस वर्षं माझ्या नकाशाकडे बघत थोडंच बसणार होतं?

“उतरा!” जावई ओरडला. आम्ही फावडी घेतली. उकरलं. वाळू परत घसरली. पुन्हा उकरलं. चाकाखाली सतरंजी घातली, ती चाकाने चिंध्या करून मागे फेकली. शेवटी जावयाने तंबूच काढला.

“नको रे,” ही म्हणाली, “एवढा मन लावून शिवलास.”

“आई, शिवता परत येईल.”

तंबूवर चाक चढलं. जीप हिसका देऊन सुटली, दगडावर आदळली आणि मागून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. धावत जाऊन बघतो तर एका कॅनची तोटी मुळापासून तुटलेली! मी हाताने भोक दाबलं. बोटांमधून पाणी निघून गेलं. वाळूने ते असं ओढून घेतलं की ओल सुद्धा धड दिसली नाही.

संध्याकाळी पहिल्या गोलापाशी पोचलो. विहिरीचं काठापर्यंत भरलेलं तोंड होतं. वाळूने भरलेलं.

“पुढची आहे ना,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरा गोल आला. आमच्याकडे तेव्हा सहा-सात लिटर उरलं होतं. ओठ फुटले होते. हिचा आवाज गेला होता. मी विहिरीत दगड टाकला.

डुबुक!

“पाणी!” जावई नाचलाच. आम्ही दोर सोडला, बादली ओढली. स्वच्छ, थंड, तळ दिसेल असं पाणी. मुलीने ओंजळ तोंडाला लावली आणि सगळं थुंकून टाकलं. परत एक थेंब जिभेवर घेतला. मग बादली खाली ठेवली.

“खारट आहे. प्यायलो तर आणखी सुकू.”

“असं कसं?” मी म्हणालो. “अगं, आम्ही दर खेपेला इथेच भरून...” आणि माझी जीभ तिथेच थांबली.

दर खेपेला आम्ही इथे भरत होतो. रेडिएटर भरत होतो! प्यायचं पाणी कंपनीच्या डेपोतून पिंपाने यायचं, ते जाऊन-येऊन पुरायचं. इथलं पाणी ट्रकला. ट्रक कंपनीचा; आतून गंजला तर गंजला, आम्हाला काय! अकरा वर्षांत या विहिरीचा घोटभर मी घशाखाली घातला नव्हता, आणि ते इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ड्रायव्हरला पाणी म्हटलं की आधी इंजिन दिसतं.

मी हे सांगितलं. मुलगी खाली बसली.

“मी विचारलं होतं, बाबा.”

“हो.”

“कसं आहे, असं विचारलं होतं.”

जावई उगाच चाकं तपासत फिरला.

आता दोन वाटा होत्या. समोर तिसरा गोल, सत्तर मैल चढाचे. तिथे पाणी मिळालं तर पुढे दीड दिवसावर धाकटी. उजवीकडे चाळीस मैलांवर मालगाडीचं स्टेशन, तिथे प्यायचं पाणी नक्की. पण स्टेशनला गेलो तर खिंड चढायला डिझेल उरत नव्हतं. एक धरलं की दुसरं सुटलं!

सगळे हिच्याकडे बघत होते. हिने माझ्याकडे पाहिलं.

“अहो, तिसऱ्या ठिकाणचं पाणी तुम्ही प्यायला होतात का?”

मी डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न केला. एक खडक आठवला, ट्रकचं उघडं बॉनेट आठवलं, हातातली बादली आठवली. बादली तोंडाशी नेलेली आठवेना. डेपोतून भरलेलं पिंप तिथवर पुरून उरायचं. कशाला प्यायलो असेन? पण उन्हाळ्यात एखाद्या वेळी...

“तुला काही आठवतं का?” मी उलट विचारलं. “तूही उतरली होतीस त्या वाटेने.”

“मी डोळे मिटून बसले होते. तुमच्या ट्रकने ओकारी येत होती.”

‘हो’ म्हणायला काय लागतं? एक अक्षर. ही लगेच म्हणाली असती, चला. मुलगी परत एकदा बापावर विसंबली असती. जावयाने किल्ली फिरवली असती. सहा लिटर आणि चार माणसं.

“आठवत नाही,” मी म्हणालो.

ही डोंगराकडे बघत राहिली. खिंडीवर ढग उतरले होते.

“उजवीकडे घ्या,” ती म्हणाली.

निघताना मुलीने दोन रिकामे कॅन त्या खाऱ्या पाण्याने भरून घेतले, इंजिनासाठी. ते बरं केलं! दहा मैलांत काटा लालवर गेला. बॉनेट उघडलं, वाफेने जावयाचा हात भाजला. थांबलो. ओतलं. निघालो. पाच मैलांवर परत तेच. प्यायचं पाणी आता झाकणाने मोजून. ही आपलं झाकण मुलीच्या झाकणात ओतायला गेली.

“आई, मुकाट्याने प्या,” जावई खेकसला. एरवी तो हिच्यासमोर मोठ्याने बोलत नाही.

शेवटचे चार मैल उरले. ही माझ्या खांद्यावर कलंडली होती. मी तिचा श्वास मोजत होतो, एक चुकला की तिला हलवत होतो. मग रूळ दिसले! पाण्याची लोखंडी टाकी दिसली! जावयाने हॉर्न धरला तो सोडेचना.

स्टेशनमास्तर बनियनवर धावत आला. म्हणाला, हळू प्या, घोट-घोट प्या. आम्ही फलाटावर बसून प्यायलो. त्याच्याकडे डिझेल नव्हतं. पुढची मालगाडी आठ दिवसांनी, आणि जायची ती आमच्या घराच्या दिशेला. खिंडीचं काय, म्हणून विचारलं तर त्याने नुसतं तिकडे बोट केलं. दुपारी ढग होते तिथे पांढरं झालं होतं.

“पण तुम्ही इकडे का वळलात?” तो म्हणाला. “सरळ गेला असतात तर पायथ्याला झरा आहे की. बारमाही. साखरेसारखं गोड पाणी!”

मुलीच्या हातातला पेला तसाच राहिला. मला फलाट फाटून आत जावंसं वाटलं. जावई म्हणाला, “मास्तर, तुम्ही आत जा बरं जरा.”

पण हिने त्याला थांबवलं. बसलेल्या आवाजात विचारलं, “तुम्ही प्यायलात का ते?”

“मी? नाही बुवा. मी कशाला जातोय तिकडे? ऐकून आहे.”

ही माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता बोलेल. चाळीस वर्षांचं सगळं आता बाहेर पडेल, आणि पडावंच.

तिने ओंजळ पुढे केली. “ओता जरा,” म्हणाली.

मी पाणी ओतलं. तिने तोंडावर मारलं. परत ओंजळ केली. मी परत ओतलं. पेला संपला, मी टाकीवरून भरून आणला, तोही संपला. तरी ती तोंड धुतच राहिली.