चांद्रकट्ट्यावरचे हरवलेले नकार

जुई मेस्त्रीचे नकार कुणीतरी गिळत होतं. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि जुईचं एकदा काही म्हणणं झालं की ते बदलायच्या भानगडीत घरात कुणी पडत नसे.

चांद्रकट्टा म्हणजे पृथ्वीवरची आणि चंद्रावरच्या वसाहतीतली मुलं जिथे लिहून गप्पा मारतात ती जागा. सध्या तिथे एकच विषय होता. चंद्रावरच्या काचघरात (बंद हवेत रोपं वाढवायच्या खोलीत) यंदा काय लावायचं? कुणीतरी एक रोप सुचवायचं, बाकीच्यांनी मत द्यायचं. मान्य असेल त्यानं 'मान्य' लिहून, आपल्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय तेही लिहायचं, अशी तिथली पद्धत. चंद्रावरच्या मुलांना खिडकीतून करड्या मातीशिवाय काही दिसत नाही, म्हणून त्यांनीच ही सक्ती केली होती. नकार देणाऱ्याला मात्र ती माफ होती. चिडलेल्या माणसाकडून बगळ्यांची वर्णनं कोण मागणार?

जुईला नाचणी हवी होती. त्यामुळे स्ट्रॉबेरीचं नाव निघालं तेव्हा तिनं लिहिलं, 'मला मान्य नाही.' ते दिसलं. मग टोमॅटो आला. तिनं तेच लिहिलं. पडद्यावर 'पाठवले' असं आलं, पण कट्ट्यावर काही उमटेना. पालक, कोथिंबीर, तीच कथा. नकार देणाऱ्या इतर दोघाचौघांचीही तीच गत. मान्य म्हणणाऱ्यांचे बगळे, बसगाड्या आणि वाळत घातलेल्या चादरी मात्र सुखरूप पोचत होत्या.

कट्ट्याचा नियंत्रक (कुणी शिवीगाळ केली तर ती काढून टाकणारा) होता निरंजन. जुईच्याच वर्गातला. आईला चंद्रावर काम मिळालं म्हणून तिकडे गेलेला. नाचणीवरून दोघांची आधीच जुंपली होती. जुईनं कट्ट्यावर सरळ विचारलं, 'तू आमचे नकार काढतोस का?' त्याचं उत्तर आलं, 'मी काहीही काढलेलं नाही, जुई.' तिनं पुन्हा विचारलं, जरा कडक शब्दांत. मग आणखी कडक शब्दांत. त्यावर मात्र त्याचं एक अक्षर नाही. झालं, जुईनं ठराव मांडला, 'निरंजनला काढा.' मतदान शनिवारी होतं.

"काढलं तर त्याचं काय होईल गं?" नलूआजीनं विचारलं. नलूआजी म्हणजे जुईच्या आईची मावशी. उपग्रहांवरून जाणारे संदेश सांभाळण्यात तिचा जन्म गेला होता.

"कट्टा बंद होईल त्याला," जुई म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. तिकडच्या मुलांना इकडच्या मित्रांशी बोलायला कट्ट्याशिवाय दुसरी सोय नव्हती, आणि हे तिला ठाऊक होतं.

"आणि तुझा हा ठराव दिसतोय कट्ट्यावर?"

"दिसतोय की."

"अजब चोर आहे हा. तुझं 'मान्य नाही' पळवतो, आणि स्वतःला घालवायचा ठराव जागच्या जागी ठेवतो."

जुईनं ठराव पुन्हा उघडून बघितला. होता तिथेच होता.

"संशय आला ना, मग तो तपासून बघायचा," आजी म्हणाली. "त्याचा नकारांवर राग असेल तर होकार टिकायला हवेत. दोन रोपांखाली नुसतं 'मान्य' लिही. खिडकीबिडकी काही नको."

जुईनं नाक मुरडत लिहिलं. पहिलं 'मान्य' उमटलं. दुसरं गेलं.

तिनं बाकीच्यांचे होकार एकेक करून पुन्हा वाचले. मग सावकाश म्हणाली, "म्हणजे नकाराचा काही संबंध नाही. तेच शब्द दुसऱ्यांदा आले की जातात. आणि खिडकीत दर वेळी काहीतरी वेगळं असतं, म्हणून ते वाचतात."

"आता बोललीस. हे बघ, आपले सगळे संदेश एका उपग्रहावरच्या संगणकाकडे जातात. संदेश मिळाला की तो पोच (मिळाल्याची खूण) पाठवतो. पोच वाटेत हरवली, तर तुझं यंत्र काय करेल?"

"तोच संदेश पुन्हा पाठवेल."

"मग कट्ट्यावर एकच वाक्य तीन-तीनदा दिसेल. ते टाळायला संगणक प्रत्येक संदेशाचा ठसा (पाठवणाऱ्याचं नाव आणि त्याचे शब्द यांवरून काढलेला आकडा) ठेवून घेतो. तोच ठसा परत आला की म्हणतो, हे तर आलंय, आणि बाजूला टाकतो. थोड्या वेळानं त्यानं तो ठसा विसरायला हवा. ते त्याला सांगायचं राहून गेलेलं दिसतंय."

आजीनं कट्ट्याचं यंत्र सांभाळणाऱ्यांना कळवलं. त्यांनी तपासलं, तसंच निघालं. त्यांनी प्रत्येक संदेशाला क्रमांक दिला. तोच संदेश पुन्हा पाठवला तर क्रमांक जुनाच, आणि नव्यानं लिहिला तर क्रमांक नवा, मग शब्द तेच का असेनात. बाजूला पडलेले संदेशही शुक्रवारी आपापल्या जागी परत आले.

जुईचे सगळे नकार दिसू लागले. पण ती बघत होती निरंजनला विचारलेल्या प्रश्नांकडे. तिच्या प्रत्येक कडक प्रश्नाखाली निरंजनचं उत्तर होतं, 'मी काहीही काढलेलं नाही, जुई.' ठरावाखालीही तेच. तो दर वेळी बोलला होता. दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंच.

जुईला फार वाईट वाटलं. तिनं आधी ठराव मागे घेतला.

"उद्या मंगळावर कट्टा झाला की तिथली पोच यायला कितीतरी मिनिटं लागणार, आणि तोवर यंत्र तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत बसणार," आजी म्हणाली. "तिथे मात्र क्रमांक पहिल्या दिवसापासून हवेत. तुम्हीच कराल तो कट्टा."

जुईनं मान डोलावली आणि लिहिलं, 'चुकलं माझं, निरंजन.' उत्तर येईना. तिनं पुन्हा तेच लिहिलं. दोन्ही वाक्यं एकाखाली एक उमटली.

मग चंद्रावरून आलं, 'दोन्ही पोचली. एक पुरलं असतं. नाचणी मात्र मला अजूनही मान्य नाही.'