शेवटचा घास

ही गोष्ट २०७१ सालची. तेव्हा कुंभेरीइतकं उजळ गाव आसपास दुसरं नव्हतं. बाहेरून वीज आणणाऱ्या तारा कधीच उतरवल्या होत्या. गावाचं सांडपाणी नदीकाठच्या बंद टाकीत जाई. तिच्या तळाशी बसलेला गाळ जंतू हवेशिवाय पचवत, त्यातून गॅस सुटे आणि त्या गॅसवर वीज तयार होई. टाकीला सगळे ‘पोट’ म्हणत. जेवण झालं की ताटातला शेवटचा घास पोटासाठी मोरीत सोडायचा, अशी रीतच पडली होती. लग्नात नवरानवरीसुद्धा सोडत.

हे जंतू डॉ. रेवती खानझोडे यांनी घडवले होते; गावचा दवाखानाही त्याच चालवत. साध्या जंतूंपेक्षा ते कितीतरी जास्त गॅस देत. पण सगळे एकाच जंतूपासून वाढवलेले, त्यामुळे सगळ्यांचं मरणही एकच. जंतुनाशक औषधाचा अंश लागला की एक फुटे, त्याच्या विषाने शेजारचा फुटे. म्हणून असं औषध घेणाऱ्याने बरं होईपर्यंत गावाबाहेर कोरड्या आळीत राहायचं. तिथल्या घरांना गटार नव्हतं. ती पोटाला काही देत नाहीत, म्हणून वीजही नव्हती.

स्नेहल काकडेच्या नवऱ्याला, अमोलला, न्यूमोनिया झाला. औषधाशिवाय तो जगणार नव्हता, आणि ऑक्सिजनच्या मशीनशिवाय कोरड्या आळीत एक दिवसही काढू शकला नसता.

“मॅडम, आळीत एका मशीनपुरती तार ओढून द्या,” स्नेहल डॉक्टरांना म्हणाली.

“विचारलं गावच्या समितीला. एकाला दिली की सगळे मागतील, म्हणाले.”

“मग गोळ्या द्या. घरीच देते. त्याचं सगळं भांड्यात धरीन, परसात पुरीन.”

“स्नेहलताई, गोळी अंगात सगळी जिरत नाही. बरीचशी तशीच बाहेर पडते. थुंकी, चूळ, अंग पुसलेलं पाणी... थेंबही मोरीत जायला नको.”

“एवढी वर्षं त्याचे मोजे धुतलेत, मॅडम. मला काय सांगता!”

डॉक्टर हसल्या. मग हसू ओसरलं. “दवाखान्यात काचेच्या पेटीत अपुऱ्या दिवसांचं बाळ आहे. तेवढं लक्षात ठेवा,” म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या.

स्नेहलने अमोलला गोळ्यांचं सांगितलं नाही. कळलं असतं तर त्या कुंभेरीकराने घेतल्याच नसत्या. ती गोळी कुटून दहीभातात कालवी.

“खडू घालतेस का गं भातात?” तो विचारी.

“गिळ मुकाट्याने.”

चार दिवसांत ताप उतरला. त्या दुपारी ती भांडं घेऊन परसात गेली होती. परतली तेव्हा अमोल नाकातली नळी सावरत, रिकामं ताट घेऊन मोरीपाशी उभा होता.

“आज जरा बरं वाटतंय,” तो म्हणाला. “म्हटलं, आपला घास आपणच सोडावा.”

ती अनवाणी धावत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी टाकीची झडप बंद करवली, पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत गॅस थांबला आणि गावातली वीज गेली.

अमोल त्याच दिवशी गेला, का ते न कळताच. बाळ पहाटे गेलं.

डॉक्टरांनी राखून ठेवलेल्या जंतूंवरून टाकी पुन्हा उभी केली. मग औषध सोसणारे, पण कमी गॅस देणारे जंतूही तयार केले. गावाने सभेत हात वर करून ते नाकारले. डॉक्टर कुंभेरी सोडून गेल्या आणि दूरच्या एका गावी वारल्या. कोरडी आळी पाडली गेली, कारण औषध घेऊन तिथे जायला कुणी उरलं नाही. आता ताप आला की लोक दार लावून घेतात आणि वाट बघतात. शेजारी चौकशीला येत नाहीत.

स्नेहलला कुणी शिक्षा केली नाही. म्हातारपणी तिच्याही छातीत कफ भरला, तेव्हा परगावच्या भाचीने लपवून गोळ्या आणल्या. स्नेहलने पुडी तिच्या हातात परत दिली.

“वरच्या मजल्यावर बाळंतीण आहे,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.