रिकाम्या वर्गाला शाब्बास

"मागच्या भिंतीवर चढलं की फांदी हाताला लागती. कैऱ्या मी तोडतो, झेलायच्या सुधारानीनं, आन् धोंडप्पा आला का ते स्नेहलनं बघायचं," शरणबसवनं मोहीम आखून दिली.

"आन् मी?" राजपालनं विचारलं.

"तू मीठ-तिखट सांभाळ."

"त्येच्याकडं नको रे देऊ," सुधारानी म्हणाली. "कैरी खाली यायच्या आत पुडी चाटून मोकळा हुईल त्यो."

"मी न्हाई चाटणार," राजपाल म्हणाला आणि पुडी चाटली.

उन्हाळ्याची सुट्टी ऐन भरात होती. सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात, मुडबी आणि कोहिनूरच्या मधे कुठंतरी सिरसवाडी आहे, नकाशात शोधत बसू नका, सापडायची नाही. तिथली मराठी शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागे आंब्याचं झाड. शरणबसव आणि स्नेहल दोघंही याच शाळेत शिकून आता मुडबीला सातवी झालेले. सुधारानी ही शरणबसवची धाकटी बहीण, यंदा पाचवीत जाणारी. आणि राजपाल हा स्नेहलचा भाऊ, तिसरी पास. पास म्हणजे नुसताच पास. पठ्ठ्याला अक्षरं ओळखता यायची, पण एकापुढे एक आली की त्याची गाडी अडायची.

त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? मराठी शिकवणाऱ्या शैलश्रीबाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. राहिले एकटे शिवय्या सर. माणूस भला, कन्नड उत्तम शिकवायचा, पण मराठीचं पुस्तक हातात घेतलं की घाम पुसायला लागायचा.

शरणबसव भिंतीवर चढला, फांदीला हात घातला आणि तसाच थांबला.

"काय झालं?" स्नेहलनं खालून विचारलं.

"आत कोन तरी बोलायलंय."

"शाळेला कुलूप हाय. सुट्टी हाय."

"मग तूच ऐक की."

चौघांनी भिंतीला कान लावले. आतून एका बाईचा गोड, स्पष्ट आवाज येत होता. "सांगा बरं मुलांनो, सात आठे किती?" मग शांतता. आत एक पोर नाही, उत्तर कोण देणार? आणि मग तोच आवाज पुन्हा म्हणाला, "शाब्बास! अगदी बरोबर. आता पुढचं."

राजपालच्या हातातली पुडी पडली. "अक्का, भूत हाय," तो कुजबुजला.

"पाढे म्हणणारं भूत?" शरणबसव म्हणाला, पण खाली मात्र पटकन उतरला.

स्नेहलनं खिडकीच्या फटीतून आत पाहिलं आणि तिला आधी काही समजेच ना. समोर टीव्ही चालू होता. शाळेचा तो मोठा टीव्ही. गेल्या वर्षी शाळा सुरू होताना आला, त्याला हार घातला, नारळ फोडला आणि धूळ बसू नये म्हणून गंगम्माच्या जुन्या लुगड्यानं झाकून टाकला. गंगम्मा म्हणजे शाळेचा भात शिजवणारी. वर्षभर पोरांनी ते लुगडंच पाहिलं होतं. आता लुगडं बाजूला होतं, पडद्यावर हिरव्या साडीतल्या बाई हसत होत्या, आणि समोर गुंडाळलेल्या सतरंज्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकी सगळी खोली रिकामी.

तेवढ्यात कुलूप वाजलं. शाळेची किल्ली सांभाळणारा, गंगम्माचा नवरा धोंडप्पा आत आला. पडद्यावर एक प्रश्न आणि त्याखाली चार उत्तरं आली होती. धोंडप्पानं न बघताच सगळ्यात खालच्या उत्तरावर बोट टेकवलं, जांभई दिली, बाहेर जाऊन पुन्हा कुलूप लावलं आणि लिंबाखाली आडवा झाला.

आता तुम्हीच सांगा, हे पाहून कोण गप्प बसेल? सुधारानी झाडाखाली पडलेल्या दोन पाडाच्या कैऱ्या घेऊन सरळ लिंबाखाली गेली.

"धोंडप्पाकाका, आत कोन शिकायलंय?"

"कोन न्हाई." त्यानं कैरी घेतली. "वरच्या हापिसात दिसतंय म्हणं, टीव्ही किती तास चालला ते. सालभर चालला न्हाई, साहेबांनी सरांला फोनवर झापलं. मग सर म्हणले, सुट्टीत चालव, तास भरून काढ. मधी मधी त्यो काही तरी इचारतोय, बोट लावलं न्हाई की बंद पडतोय. लई वैताग."

"आन् पोरं?"

"टीव्हीला काय कळतंय, म्होरं कोन बसलंय."

सुधारानीनं येऊन सगळं सांगितलं, तेव्हा शरणबसव हसून हसून लोळायचा राहिला. स्नेहलला मात्र हसू आलं नाही. तिला रडू येत होतं आणि रागही. वर्षभर तिचा भाऊ पुस्तक उघडून नुसती चित्रं बघत बसला होता, आणि मराठीतून शिकवणाऱ्या बाई त्याच खोलीत लुगड्याखाली गप्प होत्या. आता त्या बोलत होत्या, तर भिंतींशी.

तिच्या रागामागे आणखी एक भीती होती. शाळा बंद होणार असं गावात सगळे म्हणत होते. बंद झाली की मुडबी, म्हणजे दगडाच्या ट्रकांचा रस्ता ओलांडून जायचं. स्नेहल पुढच्या वर्षी तालुक्याला, कल्याणच्या वसतिगृहात जाणार, मग राजपालला हाताला धरून नेणारं घरचं कुणी उरत नव्हतं. आईनं, कलाबाईनं, सांगूनच टाकलं होतं, "शाळा मिटली की त्यो शेरडं राखंल. वाचाया तरी कुठं येतंय त्येला." त्यावर स्नेहलला बोलता आलं नव्हतं, कारण ते खरं होतं.

"पंचायतीत सांगू," शरणबसव म्हणाला.

"सांगून काय हुतंय? टीव्ही बंद करतील, पुन्हा लुगडं टाकतील."

"मग काय करायचं म्हणतीस?"

"चालायलाय न्हवं त्यो? आपून म्होरं बसू."

मागच्या खिडकीचा एक गज गंजून निखळलेला होता. दुसऱ्या दिवशी धोंडप्पाचं घोरणं सुरू झालं आणि चौघं आत. सतरंजी पसरली, मांडी घातली. बाईंनी विचारलं, "सात आठे किती?" आणि सुधारानी तोंडावर हात ठेवून हळूच म्हणाली, "छप्पन." "शाब्बास!" बाई म्हणाल्या. सुधारानी लाजली.

मग काय, रोजचा नेमच झाला. वाडीतली आणखी बारकी पोरं खिडकीतून आत यायला लागली. पडद्यावर प्रश्न आला की सगळी डोकी जवळ यायची, कुजबुजत भांडण व्हायचं आणि मग सुधारानी उत्तरावर बोट ठेवायची. धोंडप्पा उठून कुलूप काढेपर्यंत सगळे भाताच्या कोठीत, पातेल्यांमागे. धोंडप्पा आत येऊन बघायचा, तर टीव्ही आपला सुरळीत चालू.

"आता त्येला बोटबी लावावं लागंना गं," त्यानं गंगम्माला सांगितलं. "शाना झालाय त्यो."

"तुझ्यासंगट ऱ्हाऊन?" गंगम्मा म्हणाली.

हसायला मजा यायची, पण घरी जाताना स्नेहल दिवस मोजायची. सुट्टी संपत आली होती. हे सगळं किती टिकणार, याचा तिला भरवसा नव्हता. तरी ती रोज राजपालला आणून पहिल्या ओळीत बसवायची. बाई एक शब्द दाखवायच्या आणि पोरांना वाचता यावं म्हणून थांबायच्या. राजपाल पुढे सरकायचा, ओठ हलवायचा, अडायचा. आणि एके दिवशी त्याच्या तोंडून बाहेर पडलं, "डों... ग... र. डोंगर."

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "आता पुढचं वाचा."

राजपालनं मागे वळून पाहिलं, चेहरा नुसता फुललेला. "अक्का, बाईंला माझं ऐकू येतंय."

बाई उत्तर चुकलं तरी शाब्बास म्हणतात आणि कुणी नसलं तरीही म्हणतात, हे स्नेहलला माहीत होतं. पण सांगायचं तिच्या जिवावर आलं. "व्हय," ती म्हणाली. "वाच पुढचं."

आणि मग एका सकाळी शाळेसमोर जीप येऊन उभी राहिली. मागे एक रिकामा टेम्पो. जीपमधून बसवप्रभु साहेब उतरले, तालुक्याच्या शिक्षण खात्याचे. अर्धी वाडी गोळा झाली. शिवय्या सर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते, घाम पुसत.

साहेबांनी हातातल्या टॅबवर बोट फिरवलं. "सर, तास बरेच भरलेत. पण सगळे सुट्टीतले. सुट्टीत कुणाला शिकवलंत?"

सरांनी धोंडप्पाकडे पाहिलं. धोंडप्पानं लिंबाकडे पाहिलं.

"आणि हे काय?" साहेब म्हणाले. "सुरवातीला दरेक प्रश्नाला सगळ्यात खालचंच उत्तर, बहुतेक चुकलेलं. आणि मग एकदम बरोबर यायला लागलंय. कोण देत होतं उत्तरं?"

आता गप्प बसलं तर सगळंच खोटं ठरणार होतं. स्नेहल पुढे झाली.

"आम्ही देत होतो, साहेब. खालचं बोट धोंडप्पाकाकाचं. बरोबरचं आमचं."

"कुलूप होतं ना?"

"खिडकीचा गज न्हाई," शरणबसवनं मदत केली.

धोंडप्पाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "म्हंजी त्यो शाना झाला न्हवता?" तो म्हणाला आणि सगळी वाडी हसली. साहेबसुद्धा हसले. त्यांनी सुधारानीला दोन-चार गणितं घातली, तिनं ती उभ्या उभ्या सोडवली. साहेब सरांना म्हणाले, "तुम्ही लबाडी केलीत. या पोरांनी ती खरी करून दाखवली."

शिवय्या सरांनी मान खाली घातली. "तास भरले तर शाळा वाचेल असं वाटलं, साहेब. वर्षभर हात लावायला भ्यालो. बिघडला असता तर काय सांगायचं?"

"शाळा राहील न्हवं मग?" स्नेहलनं विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, शाळेचं तासांवर ठरत नाही, पटावर ठरतं. पटावर पोरं कमी आहेत. तो हुकूम परीक्षेच्या आधीच निघालाय. मी आज टीव्ही न्यायला आलोय."

स्नेहलला वाटलं, आपण ओरडावं, टेम्पोसमोर आडवं पडावं. ती नुसती उभी राहिली. ज्या धोंडप्पानं टीव्ही चालवला, त्यानंच तो एका टोकाला धरून बाहेर काढला. गंगम्मानं वर आपलं लुगडं टाकलं, दोरी बांधली. राजपाल टेम्पोच्या मागे जाऊन लुगड्याखाली वाकून बघत होता, बाई दिसतात का म्हणून.

टेम्पो गेला. पडवीत एक फळा होता. सरांनी खडू घेतला आणि हुकूम सगळ्यांना कळावा म्हणून मराठीत लिहिला. कन्नड माणूस, एकेक अक्षर जपून काढत होता, आणि बहुधा म्हणूनच ते मोठं आणि ठसठशीत आलं होतं. लिहून होताच राजपाल गर्दीतून वाट काढत पुढे घुसला. फळ्यावर बोट ठेवून त्यानं सुरवात केली.

"ही... शा... ळा. शाळा. बं... द. बंद. झा... ली."

बातमी सगळ्यांनाच कळली होती, त्यामुळे ती कुणी ऐकत नव्हतं. सगळे राजपालला ऐकत होते.

"मु... लां... नी... मुड... बीला... जा... वे." त्यानं दम घेतला. "जावे."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "शाब्बास रे," सर म्हणाले. धोंडप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली. कलाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. "माझं लेकरू वाचायलंय की गं," ती शेजारणीला म्हणाली. सगळी वाडी शाब्बास म्हणत होती, अगदी त्या हिरव्या साडीतल्या बाईंसारखी, हसून, मोठ्यांदा.

स्नेहलनं आईकडे पाहिलं. वाचता आलं तरी शेरडं चुकत नव्हती, हे विचारायची गरज नव्हती.

राजपाल मात्र फळ्यासमोरून हलेना. त्याचं बोट अजून शेवटच्या अक्षरावर होतं. शाब्बास झालं की नंतर काय येतं, हे त्याला आता ठाऊक होतं.

"अक्का," त्यानं विचारलं, "पुढचं कुठं हाय?"

"पुढं काही लिव्हलेलं न्हाई," स्नेहल म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली.