गादीवाल्याची चाकं

आण तो मोबाइल इकडे. चष्मा राहू दे, चाक बघायला मला चष्मा लागत नाही. सगळी हयात टायरच्या दुकानात गेली माझी.

हं, हे बरं आहे. हे नको, फार रुंद आहे. गाडी भरली की मडगार्डला घासेल आणि महिनाभरात टायरची बाजू सोलून निघेल. हे दिसायला झकास, पण इतकं बाहेर आलंय की सगळा चिखल तुमच्या आरशावर उडेल. डिझेलची पिकअप घेतलीत, तिच्यात माल भरणार, मग वजन पेलणारा टायर घ्या. कारचा टायर घालून मिरवायचं असेल तर मामाला कशाला विचारता? पुढचं दाखव.

…

हे नाही.

नाही म्हणजे नाही. छान आहे, मलाही दिसतंय. काळं चाक, सहा आरे, कडेला तांब्याच्या रंगाची पट्टी. वजन पेलेल, कुठे घासणार नाही. तरी नको. आता कारण सांगितलं नाही तर तुम्ही दोघं भाऊ उद्या गुपचूप हेच घेऊन याल, मला माहीत आहे. म्हणून सांगतो. दार लोटून घे आणि तो मोबाइल पालथा ठेव.

माझ्या दुकानासमोर एक गादीवाला आहे. तुम्ही पाहिलाय त्याला. केसात कापूस असलेला, कधीही बघा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. माझा जुना दोस्त. कामात एक नंबर, आणि तोंडाने वात्रट. जुनी गादी पिंजायला आली की आधी तिच्यावरचा खड्डा बघायचा आणि त्या घरातलं सगळं सांगायचा. हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो. ही दोघं पाठीला पाठ लावून झोपतात, भांडण जुनं आहे. एकदा एका काकूंची गादी आली, तर म्हणतो, काका अगदी कडेला झोपतात वाटतं? काकू म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं? तर हा म्हणतो, काकू, माणूस असा कडेला झोपला म्हणजे त्याने दुसऱ्याला जागा दिलेली असते, फार सांभाळून घेतात हो तुम्हाला. काकू लाजल्या आणि पिंजणावळ मुकाट्याने देऊन गेल्या.

तर या गादीवाल्याने पिकअप घेतली. सगळ्यांनी त्याला छळलं. कापूस वाहायला डिझेल जाळतोय म्हणाले. तो हसायचा. गाद्या हॉस्टेलला द्यायचा, लॉजला द्यायचा, धंदा बरा चालला होता. टायर मात्र पार गुळगुळीत झाल्याशिवाय माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला खाणीच्या वळणावर एक अपघात झाला. परगावची पिकअप होती, रात्री उलटली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला आणि रात्रभर खडीत पडून राहिला. पहाटे दूधवाल्यांनी उचलला, पण दवाखान्यात नेईपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणला असता तर हाती लागला असता. चहाच्या टपरीवर दोन दिवस हाच विषय. कुणीतरी म्हणालं, त्या रस्त्याने रात्रीत एकही गाडी गेली नसेल असं कसं होईल? गादीवाला तिथेच होता. तोही म्हणाला, खरंय, माणसं थांबत नाहीत आजकाल. आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठला. मला त्यात तेव्हा काही वाटलं नाही. चहा गोड झाला असेल म्हटलं.

थंडी सरता सरता हा एक दिवस माझ्याकडे आला. म्हणाला, चाकं बदलायची. मी म्हटलं, टायर म्हणायचंय का तुला? तर म्हणे नाही, पूर्ण चाकं, रिमसकट. मला हसूच आलं. म्हटलं, गाद्यांना हादरे बसतात का? त्याने काही उलट टोला दिला नाही. मी पुस्तक काढलं, चित्रं दाखवली, भिंतीवरची चाकं खाली उतरवली. एकही पसंत पडेना. शेवटी त्याने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला, उकिडवा बसला आणि माझ्या फरशीवर चाक काढलं. सहा आरे. कडेला पट्टी. म्हणाला, पट्टी तांब्यासारखी पाहिजे, आणि टायर जाड ठोकळ्यांच्या नक्षीचा.

मी विचारलं, कुठे बघितलंस? तर म्हणाला, रस्त्यात, एका गाडीला. इतकं नीट बघितलंस चालत्या गाडीचं? त्याने खडू खिशात टाकला.

मी मागवून घेतली. गाडी जॅकवर चढवून पुढचं चाक बसवलं, नट आवळले आणि हाताने एक फिरकी दिली. नवं चाक गरगर फिरायला लागलं, दिसत होतं मात्र सुंदर. मला वाटलं हा खूश होईल. तर तो तोंड फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, "थांबव ते."

मी हसलो. थांबवलं.

आता ती रात्र. शुक्रवार होता. नव्या चाकांची पहिलीच खेप. पलीकडच्या गावात हॉस्टेलला गाद्या उतरवून तो परत निघाला होता. एक गादी जास्तीची झाली होती, ती मागे हौद्यात आडवी टाकलेली. नवीकोरी, पांढरा अभ्रा, वरून प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बंद. साडेअकरा वाजून गेले होते, रस्त्यावर कुणी नाही. हे सगळं मला त्याने स्वतः सांगितलंय आणि त्याच रात्री सांगितलंय, म्हणून मी विश्वास ठेवतो.

त्या टायरना आवाज असतो, तुम्हाला माहीत आहे. ठोकळ्यांची नक्षी डांबरावर गुणगुणते. तो ती गुणगुण ऐकत येत होता. चढ संपला. खाण आली. वळण आलं.

गुणगुण थांबली.

गाडी चालू होती. काटा हलत होता. झाडं मागे जात होती. पण टायर रस्त्याला लागल्याचा आवाज नाही. चारही चाकं गप्प… आणि कुठेतरी एकच चाक फिरतंय. मोकळं. हवेत.

मग टिक… टिक… टिक.

इंडिकेटर. त्याने लावला नव्हता. डाव्या बाजूचा. थांबायच्या बाजूचा.

त्याने बंद केला. पुन्हा लागला.

मग मागे. केबिनच्या काचेवर. बोटाच्या पेराने वाजवल्यासारखं.

टक.

टक.

हौद्यात कुणी नव्हतं. नुसती गादी. त्याने आरशात बघितलं… गादीच होती.

आणि मग आवाज. अगदी जवळून. ओरडणं नाही, रडणं नाही. एखादा अनोळखी माणूस अदबीने विचारतो तसा.

"जरा… थांबता का?"

…

नाही थांबला.

काय म्हणतोस? नाही, तू थांबला नसतास, मीही नसतो. हे आपण आता खोलीत बसून बोलतोय. पण तो थांबला नाही, त्याने गाडी दामटली, आणि वळण मागे पडल्यावर टायर पुन्हा गुणगुणायला लागले.

घरी गेला नाही तो. माझं शटर वाजवलं. मी दुकानाच्या वरच राहतो, बॅटरी घेऊन खाली आलो. तो गाडीपासून लांब उभा होता, हातात हात धरून. म्हणाला, मागे बघ.

मी हौद्यात उजेड टाकला. गादी जागेवर होती, प्लॅस्टिक जसंच्या तसं, एक टाका उसवलेला नाही. आणि आत, पांढऱ्या अभ्र्यात, खड्डा. नव्या गादीला, जिच्यावर अजून कुणी पाठ टेकली नाही.

मी म्हटलं, ओझ्याने दबली असेल. तेव्हा तो पुढे आला. कितीही घाबरला तरी गादीवालाच तो. वाकला, बघितलं, आणि दुकानात गिऱ्हाइकाला सांगायचा तसं हळूहळू सांगायला लागला.

"उजव्या कुशीवर आहे. एक पाय पोटाशी घेतलेला. डावा हात…"

थांबला.

"डावा हात वर केलेला."

त्याने हौद्याची फळी धरली आणि खाली बसला.

"त्या रात्री पण असाच होता," म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. थंडीतल्या त्या रात्री तो तिथून गेला होता. गाडी नुकतीच उलटलेली होती. याच्या दिव्यांच्या उजेडात आधी ते चाक आलं, वर झालेलं, अजून फिरत असलेलं. आणि पुढे खडीत तो माणूस. त्याने हात वर केला, याने गाडी हळू केली, काच खाली घेतली, सगळं बघितलं आणि निघून आला. मी विचारलं, भीती वाटली का? पोलिसांची भानगड नको म्हणून? मीच त्याला कारण काढून देत होतो. होय म्हणाला असता तर आम्हा दोघांचीही सुटका झाली असती.

तो म्हणाला, "गाडीभर नव्या गाद्या होत्या. पांढरे अभ्रे होते. डाग पडले असते."

आणि मग म्हणाला, त्या हाताकडे मी बघितलंच नाही नीट, मी ते चाक बघत होतो. मनात आलं, काय चाक आहे. तिथून घरी येईपर्यंत तेच डोळ्यापुढे. महिना गेला, दोन गेले, माणूस विसरत आलो, चाक विसरेना. शेवटी तुझ्याकडे येऊन मागून घेतलं.

मला त्याची किळस आली. दोस्त असून आली, सांगतो तुम्हाला. आणि त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं. मान खाली घालून म्हणाला, आजही नाही थांबलो रे, त्याने किती नीट विचारलं.

तेव्हाच्या तेव्हा चाकं काढायला लावली त्याने. रात्री पाना मारत बसलो, जुनी चढवली. सकाळी तो चौकीत जाऊन सगळं सांगून आला. साहेब म्हणाले, आता सांगून काय उपयोग? चहा पाजून परत पाठवलं. तो चहा त्याला शिव्यांपेक्षा वाईट लागला असं म्हणायचा. त्या ड्रायव्हरच्या गावीही गेला होता, घराच्या दारापर्यंत. दार उघडलं, आणि हा पत्ता चुकलो म्हणून परत फिरला.

ती गादी त्याने उसवली. कापूस पिंजला, नवा अभ्रा घातला, दाभणाने टाके घातले. सकाळी खड्डा तसाच. पुन्हा उसवली. पुन्हा तसाच. मग तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही, विकली नाही, जाळलीही नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत अंथरून ठेवली आणि तिच्याशेजारी फरशीवर झोपायला लागला. गादीवाला आणि फरशीवर. बायकोने विचारायचं सोडून दिलं. त्याला वर्षं झाली आता.

गेल्या महिन्यात सकाळीच मला बोलवायला आला. हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेला. गादी तिथेच होती. पण खड्डा मधे नव्हता.

सरकला होता. अगदी कडेपर्यंत. हातही खाली घेतलेला. उरलेली गादी सपाट, नव्यासारखी. माणूसभर.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो. ते काय आहे हे मला त्याने सांगायची गरज नव्हती, काकूंची गोष्ट मलाही पाठ आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला रडताना बघितलं.

"मी त्याला गाडीत घेतलं नाही," म्हणाला, "आणि तो मला जागा देतोय."

मी विचारलं, मग झोपणार का तिथे?

…

नाही. परवा गेलो होतो मी. फरशीवरच होता, भिंतीकडे तोंड करून. गादीचा अर्धा भाग अजून मोकळा आहे.